फक्कीचं घर

"भिंतीतून काय येतोस, दार हाय ना तिकडं," एझ्राने हटकले, तसा हिरामण सुतार एक पाय उचललेला तसाच थांबला. भिंत कुठली आली! मे महिन्याच्या उन्हात तापलेला उघडा माळ, आणि त्यावर चुन्याच्या फक्कीने ओढलेली पांढरी रेघ. तरी हिरामण मुकाट मागे फिरला आणि रेघेत जिथे मोकळी जागा सोडली होती, तिथून आत आला.

एझ्रा रोहेकरची सगळी नोकरी धाटावच्या एका कंपनीत बॉयलरशेजारी गेली. कान निम्मे गेले, नाकाला वास कळेनासा झाला, आणि निवृत्त होताच गड्याने डोक्यात घेतले की उरलेले दिवस निडीजवळच्या वडिलोपार्जित माळावर लाकडाच्या खोलीत काढायचे. तारेची वीज नको, मोटर नको. ऐनाचे खांब दगडी ठोकळ्यांवर उभे करायचे, म्हणजे वाळवी चढणार नाही. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल पाजायचे. पागोळ्यांचे पाणी टाकीत, दिव्यापुरती वीज देणारी सौर पाटी कौलांवर. कागदावर काढून त्याचे समाधान होईना, म्हणून त्याने घर जमिनीवरच खऱ्या मापाने आखले, आत खाट टाकली आणि वारा कुठून येतो ते बघत दुपारभर तिथे बसू लागला. रोह्यात लोक हसले. हसणारच, त्यात त्यांचा दोष नाही.

बायको, रेबेका, हसली नव्हती. दोघांचेही बेने इस्रायली भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले होते. मुलगी शीराही तिकडेच, अश्दोदला होती आणि आईबापांना बोलावून थकली होती. "घर दाखवा," रेबेका म्हणाली होती. "पटलं तर राहीन तुमच्यासंगं. नाय पटलं तर मी शीराकडं जाईन. तुम्ही खुशाल राहा." रविवारी ती बघायला येणार होती. तिच्याशिवाय राहायची एझ्राला सवयच नव्हती.

आणि नेमकी उत्तरेची रेघ टिकत नव्हती.

संध्याकाळी नीट ओढावी, सकाळी यावे तर एकाच जागी पुसलेली. समोरची, दक्षिणेचीही तशीच. आधी वाटले गुरे. हिरामणने दोन्हीकडे बोराटीच्या फांद्या टाकल्या. सकाळी फांद्या होत्या तशाच होत्या, एक काटा हललेला नव्हता, आणि त्यांच्याखालची फक्की गेलेली होती. त्या दिवसापासून हिरामण त्या जागेकडे पाठ करून बसेना.

मग एका भर दुपारी एझ्राने ते पाहिले. तो खाटेवर बसला होता, झाडाचे पानही हलत नव्हते. त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, वाळल्या मातीत, पाण्याचा एक थेंब पडला. त्याच्यापुढे दुसरा. मग तिसरा. उत्तरेच्या रेघेकडे थेंबांची ओळ सरकत गेली, काठोकाठ भरलेला हंडा हिंदकळत जावा तशी. तो उठेपर्यंत मागचे थेंब सुकूनही गेले होते. एझ्रा घाबरला, आणि या वयात घाबरल्याची लाज वाटायला हवी होती ती काही वाटली नाही.

त्याने सांगितले, तेव्हा हिरामणने रंधा खाली ठेवला. "तुमच्या जुन्या घराचं जोतं तिकडं वर. बुजवलेली हीर हिकडं खाली. मधली वाट कुनाची, मी सांगाया हवं व्हय?"

नको होते. आजी, आई, काकू, सगळ्यांची विहिरीवरून पाणी आणायची तीच वाट.

"घर सरकवूया काय?" एझ्राने विचारले.

"कुठं सरकवता? ह्यो येवढाच उंचवटा. बाकी पावसात पानीच पानी."

एझ्राने पायाने रेघा पुसल्या आणि नव्याने आखल्या. उत्तर-दक्षिण समोरासमोर दोन उघडी दारे, त्यांना कवाडेच नाहीत. मधून माणूस हंडा घेऊन जाईल इतका बोळ. एका अंगाला झोपायची जागा, दुसऱ्या अंगाला चूल आणि टाकी. त्यानंतर रेघ कधी पुसली गेली नाही.

रविवारी रेबेका गाडीने निडीला उतरून चालत आली. दारात पोचली आणि एकाएकी बाजूला सरली. पदर अंगाशी ओढून घेऊन, खाली बघत उभी राहिली.

"काय झालं गो?" एझ्राने विचारले.

"जाऊ द्या आधी त्यांना," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळाने मान वर केली आणि आत आली. तिला कुणी काही सांगितले नव्हते. हिरामणने नकळत कानाच्या पाळीला हात लावला.

तिने झोपायची जागा पाहिली. एक खाट, आणि खाटेभोवती फिरण्यापुरती जमीन. दुसरी खाट टाकायची तर बोळात येत होती. आखताना एझ्राला हे दिसले नव्हते, देवाशपथ दिसले नव्हते. आता तिच्या डोळ्यांनी दिसले.

"बोळ जरा अरुंद केला तर..." तो म्हणाला.

"नको. त्यांना वाट दिलीत, बरं केलंत. सासूबाय होत्या पुढं, मी वळखली त्यांची चाल." ती खाटेवर टेकली. "पन मला नाय जमायचं हितं. रोज बाजूला सरून उभी ऱ्हाऊ? माझी जिती लेक हाय तिकडं, तिच्याकडं जाते."

एझ्राने मान डोलावली.

रेबेका उठली आणि चुलीच्या रेघेपाशी गेली. "चूल हितं नको. दुपारचा वारा खाडीकडचा, सगळा धूर डोळ्यांत जाईल ह्यांच्या. त्या कोपऱ्यात घे, हिरामण. आनि जमिनीवर नको. ह्यांना खाली बसवत नाय आता, गुडघे धरतात. वटा कर लाकडाचा, वर पत्रा मार."

"उंची कितीशी धरू, वैनी?"

"उभे ऱ्हावा सरळ," ती नवऱ्याला म्हणाली. एझ्रा कोपऱ्यात उभा राहिला. तिने त्याच्या कमरेच्या थोडे खाली तळहात आडवा टेकवला, आणि हिरामणने वाकून जमिनीपासून तिच्या हातापर्यंत टेप धरली. त्याने आकडा वाचला, पेन्सिलीने फळीवर लिहून घेतला, टेप गुंडाळून खिशात टाकली.

रेबेकाने हात अजून काढला नव्हता.