पोचा आलेला तवा

रिबकाबाईंनी तवा चुलीवर ठेवला आणि तो नेहमीसारखा एका अंगाला कलला. त्याच्या कडेला असा काही पोचा होता की कुठल्याच चुलीवर तो सरळ बसत नसे, आणि त्या बाजूची भाकर जराशी कच्चीच राही. देवानंद पास्टरांनी संसारात दोनदा नवा तवा आणून दिला होता. दोन्ही माळ्यावर गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला लागणारी बिनखमिराची भाकर आदल्या दिवशी व्हायची, ती याच तव्यावर.

पास्टर ओसरीवर बसून काचेचे चिमुकले प्याले पुसत होते. तेवढ्यात भाऊराव आले. हे मंडळीचे पंच. धाड गावच्या चौदा घरांच्या मंडळीचं चर्च त्यांनीच दिलेल्या जागेवर उभं होतं, आणि ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसत. तशी गरजच पडत नसे.

"पास्टर, उद्याचं ठरवून घ्या," ते टेकता टेकता म्हणाले. "आमचा पुतण्या शमुवेल प्रभुभोजनाच्या मेजासमोर उभा राहून माफी मागते. मयुरीनंही मागावी. मंग दोघायनं प्याला घ्यावा. विषय संपला."

"तिनं कशाची मागायची?"

"हात उचलल्याची! पोराचे समोरचे दोन दात गेले. मस्करी केली त्यानं, चुकलं, मान्य. पण दुसरा गाल पुढं करा, असं प्रभूनं सांगितलं हाये का नाही? तुमच्याइतकं कोणाले ठाव हाये ते?"

"आणि नाही मागितली तर?"

"त ती मेजापासून दूर राहीन. नियम जुनाच हाये."

चुलीपाशी रिबकाबाईंच्या हातातली भाकर क्षणभर तशीच राहिली. मग त्यांनी ती उलटली.

'तुमच्याइतकं' म्हणण्यामागे एक गोष्ट होती, आणि ती मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. अडतीस वर्षांपूर्वी धामणगाव बढ्याचा बाजार करून परतताना ओढ्याजवळ चार दारुड्यांनी पास्टरांना गाठलं होतं. पास्टरांनी मार खाल्ला, पण बोट उचललं नाही. गोष्ट सांगताना ते शेवटी म्हणत, 'मी डोळे मिटून प्रार्थना करत राहिलो, आणि उघडले तेव्हा ते निघून गेले होते.' हे वाक्य आलं की समोर बसलेल्या रिबकाबाई पदर सारखा करत. लोकांना वाटे, बाईंना अजून भरून येतं.

दुपारी पास्टर मयुरीच्या पिठाच्या गिरणीवर गेले तेव्हा वीज गेलेली होती. मयुरी पिठाने पांढरी होऊन दारातच बसली होती. नवरा संभाजीनगरला कंपनीत. गिरणी तीच चालवायची. दहा दिवसांपूर्वी अशीच भरदुपारी वीज गेली, तेव्हा शमुवेल आत शिरला होता. त्याने शटर खाली ओढलं आणि तिचा दंड धरला. तिने हाताला आलं ते, किलोचं लोखंडी वजन, उचलून त्याच्या तोंडावर मारलं. ते वजन काट्याशेजारी जागच्या जागी होतं. पास्टरांची नजर राहून राहून तिकडेच जात होती.

"बसा ना," म्हणत तिने पोतं झटकून दिलं. "भाऊरावकाकानं पाठवलं असन."

पास्टरांनी मान हलवली. "मयुरी, प्रभूला धरायला आले त्या रात्री पेत्रानं तलवार काढली, तेव्हा प्रभूनं ती परत म्यानात घालायला लावली."

"हाव. पण त्याच राती, अंगरखा इका पण तलवार घ्या, असंही तोच म्हणला होता. लहानपणी तुम्हाले इचारलं होतं म्या. तुम्ही म्हणले, मोठी झाल्यावर सांगीन." ती हसली नाही. "झाली ना आता मोठी."

पास्टर पोत्याची शिवण चाचपत बसले. या दोन वचनांमधून वाट काढता काढता त्यांचे केस पिकले होते. पुलपिटावरून उपदेश करताना ते काहीतरी सांगून वेळ मारून नेत. इथे गिरणीत, या पोरीसमोर, ते जमेना.

"अन् प्रभूले शिपायानं थापड मारली," मयुरी सांगत राहिली, "तव्हा त्यानं दुसरा गाल कुठं पुढं केला? 'मले काऊन मारलं?' असं इचारलं त्यानं. शमुवेलले मंडळीत कोणी इचारलं का, शटर काऊन ओढलं म्हून? समदे मलेच इचारून राह्यले."

"तुला मेजापासून दूर ठेवायची माझी इच्छा नाही गं."

"मलेही दूर नाही राहायचं. आई गेली त्या आठवड्यातही मी प्याला चुकवला नव्हता." तिने हातावरचं पीठ झटकलं. "पण पस्तावा झाला असं कसं म्हणू? मले नाही होऊन राह्यला. तुमच्यासारखं नाही जमलं मले, पास्टर."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर पास्टरांना सोसलं असतं. ती मनापासून बोलली, आणि तेच त्यांना लागलं. ते उठले आणि बाजारातून लांबच्या रस्त्याने घरी आले.

दिवेलागणीला रिबकाबाईंनी ताट वाढलं. पास्टरांनी घास मोडला आणि तसाच ठेवला.

"दोन शब्द म्हणली असती त सारं मिटलं असतं," ते पुटपुटले. घरात त्यांची भाषा रिबकाबाईंचीच असे.

"मी म्हणली होती ना दोन शब्द," रिबकाबाई म्हणाल्या. "मिटलं का?"

पास्टरांनी वर पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. तवा भिंतीला टेकून उभा होता. ओढ्याजवळच्या त्या दिवशी तो नवा कोरा होता, बाजारातून घेतलेला, रिबकाबाईंच्या पिशवीत. मागून येणाऱ्या रिबकाबाईंनी नवऱ्याला खाली पडलेला पाहिलं आणि पिशवीतून तवा काढला. एक घाव एकाच्या डोक्यात बसला, दुसरा हुकून खडकावर. पोचा त्या खडकाचा. ते चौघे पळाले ते प्रार्थनेमुळे की तव्यामुळे, हे देवानंदना त्या क्षणीच कळलं होतं. पण तेव्हा ते दुसऱ्या गावच्या मंडळीत होते; तिथल्या थोरल्या पाळकांनी हात उचलल्याबद्दल रिबकाबाईंना सहा महिने मेजापासून दूर ठेवलं आणि देवानंदच्या धाडच्या नेमणुकीचा कागद अडवून धरला. मग देवानंदनीच बायकोला गळ घातली. त्या उभ्या राहिल्या, 'मला पस्तावा झाला' म्हणाल्या, आणि कागद आला.

"झाला होता का?" त्यांनी विचारलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

"नाही. एक दिवसही नाही." रिबकाबाईंनी त्यांच्या ताटात भाजी सारली. "मारल्याचं मले काही वाटत नाही. त्या खोट्याचं वाटते. तो प्याला मी खोटं बोलून घेतला, तुमच्यासाठी. त्या लेकराले नका लावू आता तसं बोलायले."

रविवारी चर्च भरलं होतं. मेजावर पांढरं कापड, त्याखाली झाकलेली भाकर. शमुवेल सुजऱ्या तोंडाने भाऊरावांशेजारी पहिल्या बाकावर बसला होता. मयुरी बायकांच्या बाजूला, अगदी दाराशी. तिथून उठून जाणं सोपं होतं.

भाऊरावांनी पास्टरांकडे पाहून मान हलवली. पास्टरांनी कापड काढलं, पण कोणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी ओढ्याची गोष्ट सुरू केली. पोरं ओठ हलवून सोबत म्हणू लागली. बाजार, ओढा, ते चौघे, पहिली थापड. "मी डोळे मिटून प्रार्थना करत राहिलो," पास्टर म्हणाले, आणि रिबकाबाईंचा हात पदराकडे गेला.

"म्या डोळे मिटले होते, म्हणून मले दिसलं नाही, असं म्या तुम्हाले इतकी वर्सं भासवलं," पास्टर म्हणाले. पुलपिटावरची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली होती. "मले दिसलं होतं. ते आपणहून नाही गेले. ह्या बाईनं तव्यानं हाकलले. हात उचलला नाही म्हणून म्या नाव कमावलं, अन् तिनं उचलला म्हणून मी जिता राह्यलो. प्रभूच्या मनात कोणतं होतं ते मले आजही सांगता येत नाही. पण तिले पस्तावा झाला असं म्या तिच्या तोंडून वदवून घेतलं. मेजासमोर कोणी माफी मागायची असन, त ती मले मागायची हाये."

आणि ते सगळ्यांदेखत रिबकाबाईंकडे वळून हात जोडून उभे राहिले. रिबकाबाईंनी पदर डोळ्यांशी नेला. या वेळी तो सारखा करायला नव्हे.

भाकरीची थाळी रीतीप्रमाणे पहिल्या बाकावर आली. पास्टर शमुवेलसमोर थांबले.

"शटर काऊन ओढलं होतं, बाबू?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

शमुवेलची मान खाली गेली. भाऊराव पुतण्याकडे पाहत राहिले. पडलेल्या दातांच्या जागेकडे नव्हे, त्याच्या हातांकडे. पास्टरांनी थाळी त्याच्यापुढे धरून ठेवली. शमुवेलने थाळीला हात लावला नाही.

थाळी बायकांच्या बाजूला गेली. रिबकाबाईंनी ती धरली आणि रांग सोडून थेट दाराशी नेली. मयुरी उठून उभी राहिली होती. जायला की घ्यायला, तिचं तिलाही कळलं नसावं. तिने थाळीकडे पाहिलं, मग रिबकाबाईंकडे.

"मी काही म्हणलं नाही अजून," ती कुजबुजली.

"घे," रिबकाबाई म्हणाल्या. "एका कडेनं कच्ची लागन जराशी. तवा तसाच हाये तो."

मयुरीने कच्च्या कडेचाच तुकडा उचलला.