रत्नाकरबुवांची तबकडी

प्रभाकररावांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे उज्ज्वलाला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मात्र या गृहस्थाने संगीत नाटकाचा वारसा सांभाळायचा विडा उचलला. थोर गायकनट रत्नाकरबुवांची पिकदाणी, त्यांच्या शालूचा फाटका पदर, टोपाचे केस. सुरतेतल्या फ्लॅटची आख्खी बैठक या भंगाराने भरली. पिकदाणी पुसायचं काम अर्थात उज्ज्वलाकडे.

त्यात मुकुटमणी म्हणजे बुवांच्या गाण्याची एकमेव उरलेली तबकडी, कतारगामच्या एका दलालाकडून पटकावलेली. दसऱ्याला वह्यापुस्तकांबरोबर तिचीही पूजा व्हायची. झेंडू, अक्षता, आणि हात जोडून उभे प्रभाकरराव. वाजवायची मात्र कधीच नाही. सुईने झिजते म्हणे! पूजेतली सुपारी कुणी खातं का?

उज्ज्वलाची आई मालतीबाई दृष्टी गेल्यापासून त्यांच्याकडेच राहत होत्या. लहानपणी जळगावला त्यांनी बुवांना प्रत्यक्ष ऐकलं होतं.

"जावईबापू, एकदा लावा हो. डोळे मिटायच्या आधी ऐकायचंय."

"आई, तुम्हाला तिची किंमत कळायची नाही."

उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बुवांच्या पुण्यतिथीला मराठी मंडळाने प्रभाकररावांचा सत्कार ठेवला. ते गेल्यावर आईचं जेवणखाण उरकून तिने संग्रहातल्या जुन्या फोनोला चावी दिली आणि तबकडीवर सुई टेकवली. मालतीबाई पदर सावरून बसल्या. जरा वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"उजू, हे कोण गातंय गं?"

"बुवाच की. नाव आहे ना वर."

"छट्! बुवा असे रडत गात नसत. हा भलताच कुणीतरी आहे."

उज्ज्वलाला आधी हसू फुटलं, मग आईचा चेहरा पाहून रडू कोसळलं.

"रडतेस कशाला? बुवा कसे म्हणायचे, ऐक," म्हणत म्हातारीने तबकडी चालू असतानाच तेच पद धरलं. आवाज थरथरत होता, पण जागा एकूण एक लागत होत्या. आई अशी गाते, हे उज्ज्वलाला आजवर माहीतच नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. शाल पांघरलेले प्रभाकरराव आणि संग्रह पाहायला आलेले मंडळाचे चौघे. फिरती तबकडी पाहून प्रभाकररावांचा चेहरा काळाठिक्कर पडला, पण पाहुण्यांदेखत लगेच सावरला. डोळे मिटून त्यांनी मान डोलावली.

"वा! असा गळा पुन्हा होणे नाही!"

चौघांनीही माना डोलावल्या. मालतीबाई आपल्याच तंद्रीत गात होत्या.

"आई, जरा गप्प बसा हो," प्रभाकरराव खेकसले. "बुवा गातायत!"