पेन्सिलीतली अक्षरं

माझी बायको ब्राइनला वारली, हे सगळ्या फ्रँकफर्टला माझ्या एक दिवस आधी कळलं होतं.

छातीच्या दुखण्यासाठी ती एम्स गावच्या औषधी गरम झऱ्यांवर राहायला गेली होती. तार शुक्रवारी, शब्बाथ म्हणजे आम्हा यहुद्यांचा शनिवारचा पवित्र दिवस लागायला थोडाच वेळ असताना आमच्या पेढीवर आली. ती माझ्या धाकट्या भावानं, झेलिगनं घेतली. शब्बाथला आम्ही कुणाला वाईट बातमी सांगत नाही. त्यानं तार तिजोरीत टाकून कुलूप लावलं, पण बातमी कारकुनांकडून गावभर झाली.

शनिवारी सिनेगॉगमध्ये मी भेटेल त्याला सांगत होतो, "मंगळवारी आमची बाई येतेय. म्हणजे माझी तपकीर बंद!" लोक हसत होते, पण माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवत होते. दुपारी झेलिगनं माशाला हात लावला नाही.

"काय रे, मासा तुला चावला का?" मी विचारलं.

"भूक नाही, दादा."

आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, तेव्हा त्यानं सांगितलं. मी त्याला नको ते बोललो. आता वाटतं, त्याच्यामुळे ती माझ्यापुरती एक दिवस जास्त जगली.

ती माझ्या सख्ख्या काकांची मुलगी. पेढी घरातच राहावी म्हणून आम्हा गेर्स्टलांची लग्नं तीन पिढ्या घरातच होत आली. ती म्हणायची, "नफ्ताली, लग्न पेढीनं लावलं, पण भांडणं आपली स्वतःची आहेत हं." रेल्वेला कर्ज द्यावं का, हे विचारायला मंत्री माझ्याकडे यायचे. माझे मोजे कुठे आहेत, हे विचारायला मी तिच्याकडे जायचो.

एम्सहून तिची पेटी आली. तिच्यात वरच एक कापडी पट्टा होता.

मुलाची सुंता होते तेव्हा ज्या कापडात त्याला गुंडाळतात, त्याचा आमच्याकडे लांब पट्टा शिवतात. घरातल्या बायका त्यावर मुलाचं नाव आणि आशीर्वाद भरतात: हा तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, शिको, याचं लग्न होवो, याच्या हातून चांगली कामं होवोत. तीन वर्षांचा झाला की मुलगा तो पट्टा सिनेगॉगमध्ये नेऊन देतो. नातू लाझारचा तो शब्बाथ आता दहा आठवड्यांवर आला होता. ब्राइनलानं लग्नापर्यंत भरलं होतं. "चांगली कामं" ही हिब्रूतली बारा अक्षरं नुसती पेन्सिलीनं काढलेली होती.

"दादा, शहरातली सगळ्यात चांगली भरतकाम करणारी बाई बोलावतो. दोन दिवसांत होईल," झेलिग म्हणाला.

"पैसे देऊन करून घ्यायचं असतं, तर तिनंच नसतं का दिलं?"

"मग करणार कोण?"

"मी."

झेलिगला हसू आलं. बायको गेल्यापासून घरात कुणी पहिल्यांदाच हसत होतं.

दुखवट्याचे तीस दिवस सुई हातात घेतली नाही. मग सून गिटलनं टाके शिकवले. पहिल्याच आठवड्यात पेढीवरून दोन पाहुणे आले. त्यांना नमस्कार करायला उठलो, तर पट्टा सुटेना. तो मी माझ्या विजारीला शिवून ठेवला होता.

गिटल कात्री घेऊन खाली बसली. "मामंजी, हलू नका. सासूबाई असत्या ना, तर आधी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं असतं, मग सोडवलं असतं."

"तिनं सोडवलंच नसतं," मी म्हणालो.

पाच आठवड्यांत माझं एक अक्षर झालं. तिच्या अक्षरांशेजारी ते दारू प्यायल्यासारखं दिसत होतं. उसवून पुन्हा भरलं, तरी तसंच.

शब्बाथ आला. लाझारनं पट्टा दोन्ही हातांनी उचलून दिला आणि मोठ्यानं विचारलं, "आजोबा, इथलं आजीनं का नाही केलं?" पट्टा तोराच्या गुंडाळीभोवती बांधला गेला. पेन्सिलीतली अक्षरं आतल्या बाजूला गेली.

दिलेला पट्टा परत घरी नेत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सिनेगॉगच्या राखणदाराकडे गेलो. त्या म्हाताऱ्यानं माझा चष्मा पाहिला, हातातली सुई पाहिली.

"मालक, मंगळवारी या. खिडकीशी उजेड चांगला असतो. इथंच बसून भरा."

तेव्हापासून दर मंगळवारी जातो. अजून दहा अक्षरं भरायची राहिली आहेत.