भीमाचा गंड

सप्त्यातल्या बकासुरवधाच्या कीर्तनात मी टाळ कुटत इतका ओरडलो, की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा आवाजच बसला. पण कीर्तनकार निवृत्तीबुवा विमलबाईंच्या ओसरीवर चहाला येणार म्हटल्यावर मला घरी कुठून राहवणार?

ओसरीवर आणखीही पाहुणे होते. विमलबाईंच्या मुलीला, शालूला, पाहायला अमरावतीहून शेषराव आणि त्यांच्या आई झुंबरबाई आल्या होत्या. महाराष्ट्र होऊन दोनच वर्षं झालेली. आमच्या उंद्री गावाला प्राध्यापकाचंच अप्रूप, आणि हे तर मानसशास्त्राचे. पाहणं झालं होतं, फक्त होकार यायचा होता. शालू दाराआड कान लावून उभी होती.

आदल्या रात्री कीर्तनाला शेषरावही बसले होते. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बुवा, बकासुर बाहेरचा नव्हताच. ती भीमाचीच दडपलेली भूक. तिलाच राक्षस समजून तो तिच्याशी झुंजतो."

"असं?" बुवा म्हणाले. "मंग गाडाभर भात कोनाच्या पोटात गेला?"

"भीमाच्याच."

"चाला, भातापुरतं तरी आपलं जुळलं!"

शेषरावही हसले. "पण पाहा ना, अन्न वाढते आई, लढायला पाठवते आई. राक्षस मारून तो शाबासकी मागतो तीही आईकडे. भीमाला मातृगंड होता."

आमच्याकडे गंड म्हटला की गलगंड, गळ्याला लोंबणारी गाठ. दुसरा गंड कोणाला ठाऊक? विमलबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली.

"तुमाले बी हाये का थो?"

"थोडाफार सगळ्यांनाच असतो. मलाही आहे," शेषराव प्रामाणिकपणे म्हणाले. "आईमुळेच होतो."

सगळ्यांच्या नजरा झुंबरबाईंच्या गळ्याकडे. त्यांनी पदर ओढून घेतला. "काय पाहून राह्यले हो माह्याकडे?"

"आधी सांगाले पायजे होतं बाई," विमलबाई म्हणाल्या. "पोरगी द्याची हाये. नाई जमत मंग हे."

दाराआड बांगड्या वाजल्या. बुवांनी शेषरावांना सदऱ्याची वरची गुंडी काढायला लावली आणि गळा नीट चाचपून पाहिला. "इठ्ठल इठ्ठल! इथं तं काईच नाई."

"गळ्यात नाही हो, मनात असतो!" शेषरावांना घाम फुटला. "म्हणजे कितीही मोठा झाला तरी माणूस आईला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही."

"हात्तिच्या!" विमलबाईंनी किटली खाली ठेवली. "म्या म्हटलं, रोग हाये."

पण आता शालूच बाहेर आली. "गळ्यातला असता तं चाललं असतं, सदऱ्याखाली झाकता येते. हा कसा झाकाचा? मी पसंत हाये का नाई, हे कोन सांगन? तुमी का तुमची आई?"

शेषरावांनी तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं.

आम्ही तोंडात उपरणी कोंबली. बुवा हळूच म्हणाले, "हां भीमा, हान!"

"माह्याकडे काय पाह्यतं बे?" म्हणत झुंबरबाईंनी सरळ भिंतीकडे तोंड फिरवलं.

प्राध्यापक उभे राहिले. त्यांची पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "मले... मले पसंत हाये."

"मले बी," शालू म्हणाली आणि आत पळाली.

"अवं कार्टे," विमलबाई तिच्यामागं ओरडल्या, "मले तं विचारशीन!"