पहाटेचं पाणी

आमच्या गावाचं सांडपाणी जिथे येऊन पडतं, तिथल्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. हे सांगितलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे तुला सगळ्यांचं सगळं कळत असेल?"

सगळं नाही, पण बरंच कळतं. शाळेची मधली सुट्टी झाली की पूर्वी पाण्याचा एक लोंढा यायचा. तो वर्षागणिक बारीक होत गेला आणि एक दिवस इतर पाण्यात ओळखूच येईनासा झाला. वर्ग एकत्र करायच्या बैठका त्यानंतर झाल्या.

मावशीला हीच गोष्ट शिलाई मशीनवर कळली होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, त्या मशीनच्या आवाजात. "गणवेश संपले," ती म्हणायची. "लग्नाचे कपडे शहरातून येतात. माझ्याकडे आता नुसती इलास्टिकची कामं. अख्ख्या गावाला नाडी बांधायचा कंटाळा आलाय."

गावातला औषधवालाही दुकान विकून मुलाकडे निघून गेला. गिऱ्हाईक पुष्कळ होतं, पण दुकान पुढे चालवायला कोणी नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा शेजारच्या गावाहून येतात. उरलेले दिवस गाव आपापलं दुखणं आपापसात निभावून नेतं.

अशा गावात तरुण म्हणावं असं एकच ठिकाण राहिलं होतं: बाटल्यांच्या कारखान्याचं हॉस्टेल. बाहेरगावची पोरं तिथे राहतात, पाळीला जातात, सुट्टीच्या दिवशी मैदानात आरडाओरडा करतात. गाव त्यांच्याकडे पाहुण्यासारखं बघतं, पण पाहुणा फार दिवस राहिल्यावर बघतात तसं.

तर झालं असं, की शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेनं आमच्यासारख्या बऱ्याच गावांचं सांडपाणी तपासलं. आमच्या पाण्यात अफूच्या जातीतलं एक वेदनाशामक सापडलं, आणि तेही इतरांपेक्षा कितीतरी जास्त. बातमी नगरपंचायतीच्या अध्यक्षांच्या टेबलावर सकाळी पोचली, दुपारपर्यंत ती चहाच्या टपरीवर होती आणि संध्याकाळी तिचा निकालही लागला होता. हॉस्टेलची पोरं. दुसरं कोण?

अध्यक्षांनी सभा बोलावली. विषय एकच, हॉस्टेल रिकामं करायला कारखान्याला सांगणे.

"मी पहिल्या रांगेत बसणार," मावशी कापडावर खडूनं रेघ मारत म्हणाली. "नशेबाज कुठले. आईबापांनी एवढं वाढवलं ते याच्यासाठी?"

बोलता बोलता तिची मान पुढे झुकली. खडू रेघ सोडून तिरका गेला. मी हाक मारली तेव्हा ती दचकली. "झोपले नव्हते. डोळ्यांना आराम देत होते."

हे हल्ली रोजचं झालं होतं. वय झालं, असं मी धरून चालले होते.

मला त्या निकालातली एक गोष्ट खटकत होती. शहरात पाठवलेलं पाणी दिवसभराचं एकत्र केलेलं होतं. दिवसभर थोडंथोडं घेऊन एकाच बाटलीत भरलं, की किती आहे ते कळतं, पण कधी आलं ते पुसलं जातं. मी आमचं यंत्र बदलून लावलं आणि दर प्रहराचं पाणी वेगळ्या बाटलीत धरलं. त्या बाटल्या बर्फात घालून शहरात पाठवल्या. तिथे माझी एक मैत्रीण काम करते. तिनं फोनवर सांगितलं, "सगळ्यात जास्त पहाटेच्या बाटलीत आहे."

मी फोन ठेवला आणि खिडकीतून पाणी गाळणाऱ्या जाळीकडे बघत बसले. हॉस्टेलची पोरं पहाटे मेल्यासारखी झोपतात. त्यांचं पाणी आमच्याकडे येतं ते पाळीच्या भोंग्याच्या आसपास, एका दमात. अंधार असताना उठतं कोण? कूस बदलून बदलून कंटाळलेलं, उजाडायची वाट न बघता न्हाणीघरात जाणारं कोण?

"म्हातारी माणसं," मी विचारल्यावर तोफ म्हणाला. तोफ म्हणजे आमचा गटारं साफ करणारा गडी. तो कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं, म्हणून हे नाव. "माझी सासू चारला उठून भांडी आपटते. का विचारशील तर म्हणते, तुम्ही झोपलायत ना, बघवत नाही."

"आपण गल्ल्यांमधलं पाणी घेऊ या. गटारांच्या ओळींचे जोड उघडून."

"पहाटे?"

"पहाटे."

"बाई, तू शिकलीस ते बरं केलंस, पण त्याचा त्रास मला का?" असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन झाकण उघडून उभा राहिला.

शहरातून निकाल आला तेव्हा हॉस्टेलच्या ओळीत त्या औषधाचा जेमतेम माग होता. बाजाराच्या ओळीत थोडं होतं. जुन्या वस्तीच्या ओळीत ते ठासून भरलं होतं. कोणी जुन्या गोळ्या संडासात टाकल्या असतील ही शंका मी आधीच तपासून घेतली होती. गोळी शरीरातून गेली की तिचं रूप बदलतं, आणि पाण्यात ते बदललेलं रूप भरपूर होतं. म्हणजे गोळ्या कोणी टाकल्या नव्हत्या, माणसांनी खाल्ल्या होत्या.

जुन्या वस्तीत मावशीचं दुकान आहे. वर आमचं घर.

त्या दिवशी मी दुपारी दुकानात जाऊन बाकावर बसले. नेहमीचीच जागा, पण या वेळी मी बघायला बसले होते. थोड्या वेळानं निवृत्त पोस्टमास्तर आले. पँट लांब करायची होती, की आखूड, हे त्यांनाच नीट आठवत नव्हतं. ते ठरल्यावर म्हणाले, "आणि ताई, जरा गुडघ्याचं द्या."

मावशीनं फळीवरून निळा डबा काढला. फळीवर दोन डबे आहेत, लाल बटणांचा आणि निळा गोळ्यांचा. मला कळायला लागल्यापासून आहेत. कोणाचं ऑपरेशन झालं की उरलेल्या गोळ्या निळ्या डब्यात येतात. कोणी गेलं की त्याच्या उशाशी राहिलेल्या गोळ्या घरचे आणून देतात, वाया कशाला घालवायच्या म्हणून. शहरातली मुलं दुखण्याच्या गोळ्यांचे खोकेच्या खोके पाठवतात. त्यांना यायला जमत नाही. ज्याला जे लागेल ते त्यानं न्यावं, उरेल ते परत टाकावं. गावाला या डब्याचा अभिमान आहे. मलाही होता.

मावशीनं पाकिटातून एक गोळी काढली, कापडाच्या कात्रीनं बरोबर मधोमध कापली, अर्धी पोस्टमास्तरांना दिली आणि अर्धी पाण्याबरोबर स्वतः घेतली. मी पाकीट उचलून नाव वाचलं. तेच औषध होतं. शेजारी झोपेच्या गोळ्यांचं पाकीट होतं, तेही अर्धं संपलेलं.

पोस्टमास्तर गेल्यावर मी विचारलं, "या दोन्ही एकत्र घेतेस?"

"दुखलं तर ही, झोप नाही आली तर ती. का, आता तुझ्याकडून चिठ्ठी आणायची का?"

"मावशी, पाण्यात सापडलंय ते हे आहे."

ती हसली. मग माझा चेहरा बघितला आणि हसायची थांबली. "डोकं फिरलं का तुझं? हे डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे."

"कोणाला दिलेलं?"

"कोणाला का असेना. औषधच ना? मी काय गल्लीत लपून ओढतेय?" ती कापडाची घडी जोरजोरात घालू लागली. "साठी उलटलेल्या बाईला नशेबाज म्हणतेस. याच्यासाठी तुला शास्त्र शिकवलं?"

"नशेबाज म्हणत नाही. एक विचारते. सकाळी घेतली नाही तर काय होतं?"

तिनं मशीनवरचा दोरा ओवायला घेतला, तो सुईत जाईना. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात थरथरतात. घाम येतो. अंग मोडून येतं. वय झालं की होतंच."

"गोळी घेतल्यावर थांबतं?"

"थांबतं."

"मग वय नाही ते. वय गोळीनं थांबत नाही."

तिच्या हातातून दोरा सुटला.

मी तिला बाकीचंही सांगितलं, कारण अर्धवट सांगून तिला फसवता येत नाही. ही गोळी दुखणं दाबते, तसा श्वासही दाबते. झोपेची गोळी वरून पडली की दोघी मिळून दाबतात. दुपारी मशीनवर डुलकी लागते तेव्हा ती दमलेली नसते. अशीच एखाद्या रात्री झोपेल आणि छाती श्वास घ्यायचं विसरेल. हे सांगताना माझा आवाज नीट होता, पण तिचं मनगट मी केव्हा धरलं ते कळलं नाही.

मावशीनं निळ्या डब्याकडे बघितलं. "पलीकडची शिक्षिका," ती हळूच म्हणाली. "झोपेतच गेली. आपण म्हणालो, किती भाग्याचं मरण."

"ती इथून न्यायची?"

"मीच द्यायचे."

खरं काय झालं ते आता कोणालाच कळणार नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

मग ती ताडकन उठली. माझी मावशी फार वेळ बसून राहणाऱ्यांतली नाही. डबा उचलला, झाकण घट्ट लावलं. "उद्यापासून बंद. एकदम बंद."

"एकदम नको. शरीर बिथरतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. आणि झोपेचीही आपल्या मनानं घ्यायची नाही, आपल्या मनानं सोडायचीही नाही, ते सांगतील तसं."

"म्हणजे मापानं," ती म्हणाली. "सैल कपडा आत घेतात तसं. एकदम कापला तर वाया जातो. थोडी शिवण घ्यायची, घालून बघायचं, मग पुन्हा थोडी."

"अगदी तसंच."

"मग तसं म्हण ना. मघापासून शरीर, श्वास, काय काय."

डॉक्टर दुसऱ्या दिवशीच येणार होते. तपासून झाल्यावर त्यांनी डब्यातली पाकिटं टेबलावर मांडायला घेतली, आणि टेबल पुरलं नाही. मावशीला त्यांनी कमी करायचं माप आखून दिलं, मला तिच्या खोलीत झोपायला सांगितलं आणि विचारलं, "हा डबा आणखी कोण कोण वापरतं?"

"ते मी सांगणार नाही," मावशी म्हणाली. "ज्याचं त्यानं सांगावं. पण सांगायला मी लावते."

सभेला ती खरंच पहिल्या रांगेत बसली, मांडीवर निळा डबा घेऊन. मागे भिंतीला टेकून हॉस्टेलची चार-पाच पोरं उभी होती, केस पाण्यानं चापून बसवलेली. अध्यक्षांनी गावाच्या भवितव्यावर बोलायला सुरुवात केली. तरुण पिढी, बाहेरचे संस्कार, वगैरे. मावशीनं हात वर केला नाही. सरळ उभी राहिली.

"अध्यक्ष, गावात तरुण पिढी आहे कुठे? मी तुमच्या मुलाचा शेवटचा गणवेश शिवला त्यालाही जमाना झाला. या पोरांच्या ओळीचं पाणी आपल्यापेक्षा चांगलं आहे. माझ्या भाचीनं तपासलंय, तिला विचारा. गोळ्या आम्ही खातो. मी खाते. या डब्यातून खाते, आणि मला त्या सोडवत नव्हत्या. कालपासून कमी करतेय."

मागच्या रांगांतल्या माना निळ्या डब्याकडे वळल्या.

"वाईट वाटायचं कारण नाही," ती पुढे म्हणाली. "आपल्याला कळलं नव्हतं. आता कळलं. डॉक्टर आज मुद्दाम आलेत, बाहेर बसलेत. ज्यांच्या घरी माझ्या डब्यातलं काही असेल त्यांनी येऊन दाखवा. चोरून सोडायला जाऊ नका, अंग फार मोडतं. आणि रात्री एकटं झोपणाऱ्यांनी आधी या."

अध्यक्षांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. मग त्यांनी खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. कापडाच्या कात्रीनं कापलेल्या अर्ध्या गोळ्या त्यात होत्या. "माझा पण गुडघा," ते म्हणाले, आणि हॉस्टेलचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतला.

पोस्टमास्तरांना पायऱ्या उतरायला एका पोरानं हात दिला. त्यांनी तो धरला, पण त्याच्या सदऱ्याच्या शिवणीला नावं ठेवत.

आता पहाटेच्या बाटल्या मी दर महिन्याला पाठवते. आकडा उतरतोय. मध्ये एकदा चढला होता, पुन्हा उतरला. मावशीचे हात अजून सकाळी थोडे कापतात, पण दोरा ती स्वतः ओवते आणि दुपारी जागी असते. निळ्या डब्यातही आता बटणं आहेत. हॉस्टेलच्या पोरांचे सदरे तिच्याकडे यायला लागलेत आणि त्यांना बटणं फार लागतात.

मी कामावरून आले की ती मशीन थांबवत नाही, नुसतं विचारते, "काय गं, आमचं पाणी काय म्हणतंय?"

"सुधारतंय."

"सुधारणारच," ती म्हणते. "माप कोणी घेतलंय?"