सुताराची लांबलेली प्रार्थना

सुतार देवावर रुसून बसला होता. बायकोच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून जेवणाआधी तो डोळे मिटायचा, "अन्नाबद्दल धन्यवाद, आमेन" एवढं उरकायचा आणि घास तोंडात टाकायचा. खरी उपकारस्तुती त्यानं राखून ठेवली होती. आधी हिचा आवाज परत दे, मग आभार मानतो, असा त्याचा देवाशी रोखठोक करार होता. देवानं त्यावर सही केली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

बायको म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. चर्चमध्ये गाण्याला सुरुवात तीच करायची आणि घरी सुताराची खरडपट्टीही तीच काढायची. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले होते, "आता बोलायला हरकत नाही. आवाज किती उरलाय, ते बोलल्यावरच कळेल." पण तिचा धीरच होईना. दिवसभर ती खुणाच करत राहिली. तिच्या डोळ्यांतली भीती सुताराला दिसत होती.

संध्याकाळी त्यानंच बटाटे गॅसवर टाकले, ताटं मांडली.

"शिजेपर्यंत प्रार्थना करून घेऊ, तेवढाच वेळ वाचेल," तो म्हणाला.

डोळे मिटले, पण नेहमीचं वाक्य काही केल्या ओठांवर येईना. बायको समोर बसली आहे, जिवंत, आणि आपण देवाला अटी घालतोय! त्याची त्यालाच लाज वाटली.

"प्रभू, हिचा आवाज येवो न येवो, माझी तक्रार नाही. ही समोर आहे, तुझे फार उपकार आहेत. हिनं इतकी वर्षं माझं डोकं खाल्लं, त्याबद्दल धन्यवाद. माझ्या खुर्च्या डुगडुगतात, हे गिऱ्हाइकासमोर सांगितलं, त्याबद्दलही..."

गाडी एकदा सुटली ती थांबेना. सासूबाईंचे आभार झाले, करवतीचे झाले, शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत मजल गेली.

"अहो, बटाटे करपले!"

आवाज घोगरा होता, लाकडावर कानस फिरवल्यासारखा. सुतारानं डोळे उघडले. घरभर धूर, आणि बायको गळ्यावर हात ठेवून स्वतःच थक्क!

"अगं, बोललीस!"

"मग काय करू? घर पेटवताय! आधी गॅस बंद करा!"

त्यानं गॅस बंद केला. तो हसत होता आणि डोळ्यांना धार लागली होती. धुरानं, असं तो म्हणाला. करपलेलं खरवडून त्यानं उरलेले बटाटे वाढले आणि घाईनं म्हणाला, "आमेन."

"थांबा, माझी प्रार्थना व्हायचीय," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. "प्रभू, आवाज दिलास, धन्यवाद. पण नसता दिलास तरी चाललं असतं. आज यांच्या तोंडून जे ऐकलं, त्यावर माझा जन्म निघाला असता."

सुताराला आमेन म्हणायचं होतं. पण या खेपेला आवाज त्याचाच फुटेना.