नाथाजीरावांचा आवाज

गंगाधरला माणूस आधी ऐकू येई आणि मग दिसे. ऐकू आल्याबरोबर तो कसा दिसत असेल हे त्याने मनाशी ठरवलेलं असे. साताऱ्यात पोवई नाक्यावर दादासोंच्या मोटार कंपनीची कचेरी होती आणि तिथला टेलिफोन गंगाधरच्या टेबलावर होता, त्यामुळे या सवयीला भरपूर खाद्य मिळत गेलं. कोण आखूड मानेचा असेल, कोण पान खात असेल, कोणाला घरी कोणी विचारत नसेल, हे तो रिसीव्हर ठेवता ठेवता शेजारच्या कारकुनाला सांगत असे. शहानिशा करायला कोणी जात नसे, म्हणून तो चुकतो असं कधी सिद्ध झालं नव्हतं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि कराडच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी हमखास बसत. त्यामुळे साताऱ्याहून गाडी सुटली की सांगलीला कळवावं लागे, आणि सांगलीची सुटली की तिकडून निरोप येई. ट्रंक कॉल जोडून मिळायलाच अर्धी सकाळ जाई. कधी चळवळीतल्या पोरांनी तारा तोडलेल्या असत, मग तेही नाही. जोडून मिळाला तरी तीन मिनिटं. तेवढ्यात खरखर सोसून, ओरडून, जे काय ते उरकायचं.

सांगलीचे एजंट होते नाथाजी. गंगाधर नोकरीला लागला तेव्हा दादासोंनी त्याला सांगितलं होतं, सांगलीला नाथाजीचा फोन आहे, माणसं विश्वासाची आहेत. पहिल्याच दिवशी गंगाधरने विचारलं, "नाथाजीराव का?" तिकडून घोगरा, जाडाभरडा आवाज आला, "व्हय, सांगली स्टँडावरनं बोलतोय. सांगा." तेवढं पुरे झालं. लाल फेटा, झुपकेदार मिशा, तालमीत कमावलेली मान, उताराला लागलेली पन्नाशी असा एक माणूस गंगाधरच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि पुढं दीड वर्ष तो तिथून हलला नाही.

माणूस मोठा चोख होता. गाडी बसली तर उतारूंची सोय लावून मग फोन करी. उगीच हळहळ नाही, फापटपसारा नाही. "मी बघतो, पंत. तुमी काळजी करू नका," असं त्याने म्हटलं की गंगाधरला हायसं वाटे. ड्रायव्हर लोक रोज सांगलीला जाऊन येत, पण गंगाधर त्यांच्याशी कामापुरतंच बोले. "नाथाजीच्या घरात निरोप दिलाय," असं ज्योतिबा ड्रायव्हर म्हणाला, तर त्याचा अर्थ नाथाजीच्या बायकोला असा होतो, हे गंगाधरच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं, स्टँडाला लागूनच घर असेल.

त्या श्रावणात गंगाधरची बायको पद्मा नागपंचमीला माहेरी सांगलीला गेली आणि परत आली नाही. वर्षभर घरात धुसफूस चालली होती. पद्माला हाक मारली तर ती ओ देत नाही, सांगितलेलं ऐकून न ऐकल्यासारखं करते, असं गंगाधरच्या आईचं म्हणणं होतं. आई बोले ते गंगाधरलाही पटे, कारण रात्री दिवा मालवल्यावर तो काही विचारू लागला की त्यालाही उत्तर मिळत नसे. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. एकदा तो चिडून म्हणाला होता की, बोलायचं नसेल तर माहेरीच राहा. हे मात्र तिला नेमकं ऐकू गेलं.

गणपती झाले, पितृपक्ष लागला. सासऱ्यांना, विष्णुपंतांना, दोनदा पत्र घातलं. तब्येत बरी नाही, पाठवतो सवडीने, असं मोघम उत्तर आलं. स्वतः जाणं गंगाधरला कमीपणाचं वाटे. शेवटी एका सकाळी गाड्यांचा निरोप देऊन झाल्यावर तीन मिनिटांतलं थोडं उरलं होतं, तेव्हा तो नाथाजीरावांना म्हणाला की, आमची सासुरवाडी तुमच्या गावभागातच आहे, विष्णुपंत वकिलांचं घर, तुम्ही एकदा जाऊन या आणि काय अडलंय ते बघा, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचं ऐकतील. तिकडून उत्तर आलं, "बरं. जातो."

गंगाधरच्या मनात होतं की लाल फेट्यातले नाथाजीराव सोप्यावर बसतील आणि विष्णुपंतांना दोन शब्द सुनावतील.

आठवडा गेला. मग एका दुपारी निरोपाच्या शेवटी नाथाजीराव आपण होऊन म्हणाले की, मी जाऊन आलो, तीनदा गेलो. गंगाधरने विचारलं, विष्णुपंत काय म्हणाले?

"वकिलांची न् माझी गाठच न्हाई. ते झोपल्यालं. मी मागल्या दारानं गेलो, पद्माताईंच्या खोलीत बसलो."

"खोलीत?"

"व्हय. पैल्या दिशी बोलंनात. मग डोसकं दुखतंय म्हणाल्या, तवा तेल घातलं, वेणी घातली. मग मोकळ्या झाल्या. लय रडल्या माझ्यापाशी. सगळं सांगितलं त्यांनी, पर ते तारंवर बोलण्यासारखं न्हाई. तुमी..."

इथं मिनिटं संपली आणि फोन तुटला.

गंगाधर रिसीव्हर हातात धरून बसून राहिला. शेजारच्या कारकुनाने विचारलं, गाडी बसली का? तो नाही म्हणाला. त्याने पुन्हा ट्रंक मागितला नाही. मागून काय विचारणार, आणि मधल्या एक्स्चेंजातले लोक कान लावून बसलेले असतात. संध्याकाळी जेवताना आईने काय बिनसलंय म्हणून विचारलं, त्यावर डोकं दुखतंय एवढं तो बोलून गेला आणि बोलल्याबरोबर त्याचा घास तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दादासोंकडून सुट्टी घेऊन तो सकाळच्या गाडीत बसला. ज्योतिबा गाडी चालवत होता. शेजारी बसूनही गंगाधरने त्याला काही विचारलं नाही. घरातली गोष्ट ड्रायव्हरपुढे कशाला? वाटेत गाडी दोनदा थांबली, क्लीनरने भट्टी ढवळली, उतारूंनी झाडाखाली भाकऱ्या सोडल्या. गंगाधर खाली उतरला नाही. नाथाजीरावांपुढे उभं राहून काय बोलायचं, याची तो जुळणी करत होता. अंगाने आपण त्या माणसापुढे टिकणार नाही हे त्याला दिसत होतं. तरी पायातली वहाण काढायची वेळ आली तर काढायची, इथवर तो इस्लामपूर ओलांडता ओलांडता येऊन पोचला होता.

सांगलीच्या स्टँडावर एका कडेला पत्र्याची खोली होती, तिच्यावर कंपनीची पाटी होती. दारात पाण्याचा डेरा. आत फळीवर टेलिफोन ठेवला होता, त्यावर धुतलेलं फडकं झाकलं होतं. तिशी-पस्तिशीची एक बाई कासोटा घातलेल्या लुगड्यात उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. बारीक चणीची, उन्हाने रापलेली.

"नाथाजीराव कुठं आहेत?" गंगाधरने विचारलं.

"ते लढाईवर हायत की. दोन वर्सं झाली. मिलट्रीची मोटार हाकत्यात, इटलीत."

गंगाधरने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तो घोगरा, जाडाभरडा, रोज सकाळी त्याला काळजी करू नका म्हणणारा आवाज त्या तोंडातून निघत होता. बाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदर सावरला आणि ती उठून उभी राहिली.

"पंत न्हवं तुमी? पद्माताईस्नी बघंस्तवर माझी समजूत, तुमी म्हातारं असाल."

ती नाथाजीची बायको चंद्राबाई. नवरा भरती झाल्यावर दादासोंनीच सांगितलं होतं की, तो येईपर्यंत घरातल्यांनी फोन बघावा. सगळ्या कंपनीला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या माणसाला, जो रोज तिच्याशी बोलत होता, आणि त्याला सांगायला हवं असं कोणाच्या मनात आलं नाही. चंद्राबाईचं माहेर शिरोळकडचं. तिकडे बायकाही मी आलो, मी गेलो असंच म्हणतात. गंगाधर वाईत वाढलेला आणि साताऱ्यात नोकरी केलेला. सांगलीत त्याने फक्त सासऱ्यांच्या सोप्यावरच्या बायका ऐकल्या होत्या, त्या येते-जाते म्हणत.

"मी तुम्हाला नाथाजीराव म्हणत होतो," तो म्हणाला.

"व्हय. मला वाटलं, परक्याच्या बायकूचं नाव कसं घ्यायचं, म्हणून म्हणताय. तुमच्यात रीत असंल."

तिने त्याला आत बसायला घोंगडं टाकलं आणि गूळ-पाणी दिलं. तो कशासाठी आला होता हे तिला कळलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून समजेना. तिच्या हिशेबाने सगळं सरळच होतं. तरण्या बायकोच्या मनातलं काढून घ्यायला कोणीही शहाणा माणूस दुसऱ्या बाईलाच पाठवील. तारेवर बोलता येत नाही, म्हणून तुम्हीच या असं ती काल सांगत होती. तेवढ्यात फोन तुटला आणि पंत आज आले. निरोप अर्धा असूनही पोचला, याचंच तिला बरं वाटलं होतं.

मग तिने सांगितलं. गेल्या साली विषमज्वर झाल्यापासून पद्माच्या डाव्या कानाला काही ऐकू येत नव्हतं, उजव्यालाही जवळून बोललेलंच येई. पद्माने ते आईबापांनाही सांगितलं नव्हतं. बहिरी सून कोण नांदवणार, नवरा दुसरं लग्न करील, ही धास्ती. सासरी विचारलं तर उत्तर देत नाही, हाकेला ओ देत नाही, असा बोभाटा झाला तेव्हा तिने तोही सोसला. गर्विष्ठ म्हटलेलं परवडलं, बहिरी नको.

"मला म्हणाल्या, त्यास्नी समोर सांगा, तारंवर नको. सांगितलं आता. जावा."

गंगाधर गावभागात गेला. विष्णुपंत सोप्यावर वर्तमानपत्र वाचत होते. ते जावयाला पाहून गडबडले आणि आत वर्दी द्यायला निघाले. गंगाधरने त्यांना थांबवलं आणि तो स्वतःच आत गेला. पद्मा स्वयंपाकघरात पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तो तिच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि त्याने तिला नेहमीच्या आवाजात हाक मारली. ती तांदूळ निवडत राहिली. त्याने पुन्हा हाक मारली. मग तो पलीकडे वळसा घालून गेला आणि तिच्या उजव्या बाजूला खाली बसला. ती दचकली.

"मला का नाही सांगितलंस?"

तिने सूप खाली ठेवलं. ती त्याच्याकडे पाहत होती, चंद्राबाईने काय काय सांगितलं असेल याचा अदमास घेत.

"कसं सांगणार? तुमचं मला अर्धंच ऐकू यायचं," ती म्हणाली. "जे ऐकू यायचं ते रागाचंच असायचं."

रागावल्याशिवाय आपला आवाज चढत नाही आणि चढल्याशिवाय तो तिच्यापर्यंत पोचत नाही, हे गंगाधरला तिथं बसल्या बसल्या समजलं. काल दुपारपासून आपण तिच्याविषयी काय काय मनात आणलं, ते त्याने तिला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढंही कधी नाही. त्या दिवशी तो तिला घेऊन आला नाही. दोघं विष्णुपंतांबरोबर मिरजेला डॉक्टरांकडे गेली. डावा कान गेला, तो येणार नाही, उजवा जपा, असं तिथं सांगण्यात आलं.

साताऱ्याला परत आल्यावर त्याने रोजच्याप्रमाणे सांगलीला फोन लावला. "सातारा बोलतोय," इथवर आला आणि पुढचा शब्द त्याला सुचेना. शेवटी तो "चंद्राबाई" म्हणाला. "सांगा, पंत," असं तिकडून आलं. आवाज तोच होता, पण त्याच्यामागे आता फेटा उभा राहीना, आणि शेंगा फोडणारी बाईही नीट बसेना. काही दिवस गंगाधर फोनवर नुसत्या गाड्यांचे नंबर आणि वेळा सांगत राहिला. चंद्राबाईला वाटलं, बायको अजून आली नाही म्हणून माणूस खिन्न आहे.

पद्मा दसऱ्यानंतर आली. चंद्राबाईने तिला गाडीत उजवा कान आतल्या बाजूला येईल अशा जागेवर बसवून दिलं होतं. घरी आल्यावर गंगाधरने आईला सगळं सांगितलं. वर्षभर सांगायला तोंड नव्हतं का, असं आई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेशी ओरडून बोलू लागली. कोथिंबीर निवड, गाईला पाणी दाखव, सगळं वाड्याबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. उजव्या बाजूला येऊन बोललं तर पुरे होतं, पण ते तिला कोणी सांगितलं तरी पटत नसे.

आळीत बोलवा झाली की, माहेरून आणलेल्या सुनेला म्हातारी उभा दिवस शिव्या घालते. शेजारच्या शालूबाई एके दुपारी पद्माची विचारपूस करायला आल्या. तेवढ्यात आतून म्हातारीची आरोळी आली, तशी त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि कसं सोसतेस म्हणून डोळ्यांना पदर लावला. पद्माने त्यांना उजव्या हाताला बसवून घेतलं आणि आत्ता सासूबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. आमसुलं संपली होती.